विभक्तींचा सराव आणि खिशातले यंत्र

शालान्त परीक्षेत संस्कृत हा गुण मिळवून देणारा विषय आहे, असा आपल्याकडे फार दिवसांचा समज आहे. या समजामुळे त्या भाषेला विद्यार्थी मिळाले हे खरे. परंतु ते कोणत्या घरांतून मिळाले, याचा विचार क्वचितच केला जातो. पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा डोंबिवलीत राहणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकाखेरीज शिकवणीचा वर्ग, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, घरात रूपे म्हणवून घेणारी आजी किंवा आत्या, अशी सगळी सामग्री हाताशी असते. पवना धरणाजवळच्या पवनानगरमधील किंवा तुंग-तिकोन्याच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीतील मुलीपाशी यांपैकी काय असेल? पाठ्यपुस्तक असेल, शाळेत संस्कृत असलेच तर आठवड्याच्या काही तासिका असतील, आणि अलीकडे घरात एक मोबाइल फोन असेल. तोही वडील किंवा भाऊ संध्याकाळी घरी आल्यानंतर घटकाभर तिच्या हाती पडणारा. प्रस्तुत लेखाचा विषय हा घटकाभर हाती पडणारा फोन आहे. त्यावर उघडेल असे व्याकरणाच्या सरावाचे एखादे साधे ॲप तयार करता येईल काय, आणि करावयाचे झाल्यास त्यात काय असावे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका तांत्रिक नाही.

युरोप-अमेरिकेत हा उद्योग लॅटिनच्या बाबतीत पूर्वीच झालेला आहे. अमेरिकेच्या हवाई दलातील एक निवृत्त कर्नल, विल्यम व्हिटेकर यांनी कोणताही लॅटिन शब्द दिला असता त्याची विभक्ती, वचन व मूळ रूप सांगणारा 'वर्ड्स' नावाचा संगणक-कार्यक्रम लिहिला आणि तो लोकांना विनामूल्य वापरू दिला. 1980 च्या दशकात सुरू झालेल्या आणि पुढे अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या आश्रयाला आलेल्या 'पर्सियस' या ग्रंथसंग्रहात ग्रीक आणि लॅटिन शब्दांची अशीच चिकित्सा होते. या पायावर तिकडील शिक्षकांनी आणि हौशी मंडळींनी सरावाची लहानमोठी साधने रचली. लॅटिन आपल्याला अगदीच परकी नाही. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांना एके काळी संस्कृतप्रमाणे लॅटिनही घेता येत असे. लॅटिनला विभक्ती सहा, वचने दोन. द्विवचन त्या भाषेने फार पूर्वी टाकून दिले. 'रोसा' म्हणजे गुलाब. त्याच्या कोष्टकात बारा घरे, पण लिहिताना निरनिराळी दिसणारी रूपे फक्त सहा. 'रोसाए' हे एकच रूप षष्ठीचे एकवचन, चतुर्थीचे एकवचन, प्रथमेचे अनेकवचन आणि संबोधनाचे अनेकवचन, अशा चार ठिकाणी बसते.

आपल्या 'राम' शब्दाची गत काही प्रमाणात तशीच आहे. आठ विभक्ती, तीन वचने, म्हणजे घरे चोवीस. एकवचनाची रूपे आठही वेगळी; द्विवचनात 'रामौ', 'रामाभ्याम्', 'रामयोः' ही तीनच; अनेकवचनात सहा. एकूण सतरा. आता एखाद्याने घाईघाईने रचलेल्या ॲपने प्रश्न विचारला, की 'रामाभ्याम्' कोणत्या विभक्तीचे रूप? मुलीने 'पंचमी' असे उत्तर दिले. यंत्राच्या पोटात उत्तर 'तृतीया' असे नोंदलेले आहे. यंत्र लाल फुली दाखवते. मुलीचे उत्तर बरोबर होते, फुली चुकीची होती. पण शेजारी सांगणारे कोणी नाही आणि छापील अक्षरावर असतो तसाच विश्वास पडद्यावरील अक्षरावरही बसतो. दुसऱ्या दिवशी ती पंचमीचे नाव घेणार नाही. शिकवणीच्या वर्गात असा प्रसंग आला असता तर तिने हात वर केला असता. ज्या विद्यार्थ्याला दुसरा आधार नाही त्याच्या हाती दिलेले साधन अधिक काटेकोर असले पाहिजे, हा न्याय आपल्याकडे नेमका उलटा चालतो. खेड्यासाठी काहीही चालेल, असे गृहीत धरले जाते.

विकल्पांचेही तेच. 'मति' शब्दाची चतुर्थी 'मतये' आणि 'मत्यै' अशी दोन्ही होते. एकालाच मान देणारे यंत्र अडाणी म्हटले पाहिजे. लिहिण्याच्या अडचणी आणखी निराळ्या. विसर्गाच्या जागी इंग्रजी कळफलकावरचे अपूर्णविरामाचे दोन ठिपके टाइप करण्याची सवय मोठ्या माणसांनाही असते. डोळ्यांना 'रामः' दिसतो, यंत्राला मात्र ते भलतेच चिन्ह वाटते. हलन्त म् लिहिण्याचा कंटाळा म्हणून 'रामं' लिहिले जाते. व्यंजनापूर्वी तो अनुस्वार रास्तच आहे, वाक्याच्या शेवटी मात्र 'रामम्' हवे. अशा ठिकाणी फुली न मारता उत्तर स्वीकारून शेजारी एक ओळ लिहावी, एवढे तारतम्य यंत्रात घालता येते. ते घालणारा माणूस मात्र वर्गात उभा राहिलेला असावा लागतो.

येथपर्यंत जे सांगितले ते कोणत्याही प्रांतात लागू पडेल. मराठी मुलासाठी स्वतंत्र साधन का हवे, याचे कारण पुढेच आहे. मूल संस्कृत शिकताना ज्या चुका करते त्या बव्हंशी त्याच्या मातृभाषेने शिकवलेल्या असतात. 'मी रामाला पाहतो' आणि 'मी रामाला पुस्तक देतो' या दोन वाक्यांत मराठीचा 'ला' एकच आहे. आपल्या शालेय व्याकरणात द्वितीया व चतुर्थी यांचे प्रत्यय 'स, ला, ते' असे सारखेच पाठ करून घेतले जातात. साहजिकच मूल 'रामं पुस्तकं यच्छामि' असे लिहून मोकळे होते, आणि 'रामाय' का हवे ते त्याला उमगत नाही. वाघाला भिणे हे आपल्या भाषेत 'ला' घेते. संस्कृतात भीतीचे कारण पंचमीत जाते, 'व्याघ्रात्' म्हणावे लागते. (लॅटिनमध्ये मात्र भिण्याच्या क्रियापदाला द्वितीया चालते, मराठी मूल त्या बाबतीत रोमन मुलाच्या जवळचे!) 'मित्राबरोबर' याचे भाषांतर 'मित्रस्य सह' असे होते, कारण 'बरोबर'पूर्वीचे सामान्यरूप त्याला षष्ठीसारखे वाटते. आणि 'मित्र' हा शब्द सुहृद या अर्थी संस्कृतात नपुंसकलिंगी आहे, हे तर कित्येक पदवीधरांनाही आठवत नाही. 'वस्तु' तिकडे नपुंसकलिंगी, आपल्याकडे स्त्रीलिंगी. 'राशि' तिकडे पुल्लिंगी, आपल्याकडे स्त्रीलिंगी. शब्द ओळखीचा असणे हाच येथे सापळा ठरतो.

सर्वांत मोठी गंमत भूतकाळाची आहे. 'रामाने आंबा खाल्ला' हे वाक्य मराठी मूल जन्मापासून बोलते. संस्कृतात जाताना ते 'रामेण' पर्यंत बरोबर पोहोचते, आणि मग पाठ केलेले लङ्-लकाराचे रूप आठवून 'रामेण आम्रम् अखादत्' असे लिहिते. एकतर 'रामः आम्रम् अखादत्' हवे, नाहीतर 'रामेण आम्रं खादितम्'. मुलाने दोन निर्दोष वाक्यांची अर्धी अर्धी जोड घातली आहे. ही चूक मूर्खपणाची नव्हे. मराठीच्या भूतकाळी वाक्याची घडण जुन्या 'खादितम्' जातीच्या रचनेतूनच आलेली आहे, त्यामुळे मुलाचा कान त्याला योग्य तेच सांगत असतो. असे उत्तर आले की 'चूक' एवढाच शब्द दाखवणारे यंत्र आणि 'तू मराठीप्रमाणे तृतीया घातलीस, मग क्रियापदही कर्माप्रमाणे बदल' असे सांगणारे यंत्र, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तसेच 'आम्ही दोघे जातो' याचे 'वयं गच्छामः' होणे. तसेच आदरार्थी अनेकवचनामुळे 'भवान् गच्छसि' किंवा 'गुरुः आगच्छन्ति' अशी विजोड वाक्ये तयार होणे. संस्कृत शिकवणाऱ्या कोणत्याही मराठी शिक्षकाला या चुका तोंडपाठ असतात. वर्षानुवर्षे वह्या तपासून जमलेले हे त्याचे भांडवल आहे, आणि ते आजवर कोणी मागितलेले नाही.

रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी 1860 च्या दशकात संस्कृतची दोन क्रमिक पुस्तके लिहिली. थोडे नियम, थोडे शब्द आणि लगेच भाषांतरासाठी वाक्ये, अशी त्यांची मांडणी होती. पुढे वामन शिवराम आपटे यांनी वाक्यरचनेवर विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र पुस्तक लिहिले. ती वाक्ये काय म्हणून निवडली गेली असतील याचा विचार केला म्हणजे सरावाच्या साधनाची रचना कशी असावी याचा अंदाज येतो. सराव म्हणजे तोच प्रश्न शंभर वेळा विचारणे नव्हे. ज्या ठिकाणी पाय घसरतो त्या ठिकाणी पुन्हा पुन्हा आणणे म्हणजे सराव. विसरण्याचाही एक हिशेब असतो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली तो प्रयोगाने मांडला, आणि 1970 च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी त्यावरून चिठ्ठ्यांच्या कप्प्यांची एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली: आठवलेली चिठ्ठी पुढच्या, उशिरा उघडावयाच्या कप्प्यात, चुकलेली पुन्हा पहिल्यात. वेदपाठशाळेतील आवर्तनांना हे ऐकून हसू येईल. परंतु पाठशाळेत गुरुजी समोर असतात, येथे ते काम यंत्राने करावयाचे आहे. 'रामेण' चुकले तर ते उद्या पुन्हा विचारावे, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. हे काम यंत्र माणसापेक्षा चांगले करते, कारण त्याला कंटाळा नाही.

'रामेण' मधील ण कोठून आला, हेही त्याने सांगावे. 'देवेन' पाठ केलेले मूल 'रामेन' लिहिते; ते दुरुस्त केले की 'रथेण' लिहू लागते. नियम कठीण नाही. एकाच शब्दात आधी ऋ, र किंवा ष असेल आणि मध्ये केवळ स्वर, ह, य, व, र किंवा कवर्ग-पवर्गातील अक्षरे असतील तर न चा ण होतो. म्हणून 'नरेण', 'मृगेण', 'सर्पेण'. 'रथेन' मध्ये थ आडवा येतो, 'अर्जुनेन' मध्ये ज आडवा येतो, आणि 'रामान्' मध्ये न् शब्दाच्या अगदी शेवटी असल्याने सुटतो. ही वाट पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांच्या आपल्या ग्रंथात घालून दिलेली आहे, आणि ती इतकी यंत्रवत् नेमकी आहे की 1967 साली पीटर इंगरमन यांनी, संगणकीय भाषांचे व्याकरण लिहिण्याच्या पद्धतीला जोडलेल्या बॅकसच्या नावाशेजारी पाणिनीचेही नाव असावे, अशी सूचना केली होती.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा संस्कृत असल्याचे अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने सिद्ध केले आहे, असे सभासमारंभांत अजूनही ऐकू येते. त्याचे मूळ 1985 साली रिक ब्रिग्ज या संशोधकाने एका नियतकालिकात लिहिलेल्या लेखात आहे. संस्कृत शास्त्रकारांची वाक्यार्थ मांडण्याची रीत आणि यंत्राला ज्ञान पुरवण्याची रीत यांत साम्य आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. तेथून पुढचा सगळा डोलारा आपल्या अभिमानाने उभारला आहे. पाणिनीच्या गौरवाला अशा टेकूची गरज नाही. खरे काम करणारी मंडळी निमूटपणे काम करीत आहेत. पॅरिसमधील संगणकशास्त्रज्ञ जेरार ह्युए यांनी संस्कृत रूपे सिद्ध करणारे आणि वाक्यातील संधी सोडवून दाखवणारे संकेतस्थळ उभे केले. हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली 'संसाधनी' हा साधनसंच तयार झाला. नीलेश बोडस यांच्या 'अष्टाध्यायी डॉट कॉम' वर सूत्रे, वृत्ती आणि धातुरूपे विनामूल्य पाहता येतात. म्हणजे यंत्राने बरोबर रूप कसे सिद्ध करावे, हा प्रश्न विद्वानांनी पुष्कळ अंशी सोडवलेला आहे. उरला आहे तो आठवीतल्या मराठी मुलाला चुकीचे रूप का सुचले हे ओळखण्याचा.

कोणी म्हणेल, आता बुद्धिमान संवादयंत्रे आली आहेत, त्यांनाच विचारले तर काय बिघडले? बिघडते ते असे, की ही यंत्रे पुष्कळदा अचूक सांगतात आणि मध्येच एखादे नसलेले रूप तितक्याच आत्मविश्वासाने ठोकून देतात. जाणकाराला ते खटकते. नवशिक्याला खटकण्याचे कारणच नाही. व्याकरणाच्या सरावात उत्तरे मोजकी आणि निश्चित आहेत. शंभर नामांची चोवीस घरे भरली तर चोवीसशे रूपे होतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवण्यास तीन बाइट लागतात असे धरले तरी हा सगळा ऐवज फोनने काढलेल्या एका छायाचित्राहून कितीतरी लहान ठरतो. एकदा उघडल्यावर तो फोनमध्येच राहू शकतो. मग डोंगराआड रेंज गेली, पावसाळ्यात वीज गेली, महिन्याचा डेटा संपला, तरी सराव थांबत नाही. मावळात पाऊस किती कोसळतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या गुणाचे मोल सांगावयास नको.

पण मावळातल्या मुलीला संस्कृत हवेच कशाला, हा आक्षेप उरतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. धरणाखाली जमीन गेलेल्या कुटुंबाला इंग्रजीची आणि हिशेबाची गरज अधिक आहे, असे म्हणणारा पालक शहाणाच आहे. तथापि, गरज नसणे आणि संधी नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. जातीमुळे ते शिकू दिले गेले नाही आणि फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वतःच्या हिमतीवर केला. आज तसा मज्जाव कोणी करीत नाही. मात्र ज्या शाळेत संस्कृतचा शिक्षकच नाही, तेथील मुलांच्या दृष्टीने परिणाम फारसा वेगळा होत नाही. ॲप शिक्षकाची जागा घेईल असा दावा मी करीत नाही. शिक्षक असेल तेथे त्याचा वह्या तपासण्यातला वेळ वाचेल. नसेल तेथे निदान ज्याला शिकावयाचे आहे त्याचे दार पूर्ण बंद राहणार नाही.

शिवाय या मुलीपाशी शहरातल्या मुलापाशी नसलेले काही आहे. ज्या घरात तिन्हीसांजेला रामरक्षा म्हटली जाते तेथील मुलांना तिच्यातला एक श्लोक न कळत पाठ असतो, आणि त्या एका श्लोकात 'राम' शब्दाच्या एकवचनाच्या आठही विभक्ती क्रमाने येतात. पंचमी तेवढी संधीत दडलेली आहे. ती शोधून काढावयास लावणे हा उत्तम पहिला धडा होईल. दुसरा धडा रस्त्यावरच आहे. कामशेतहून पवनानगरकडे येताना बेडशाची लेणी लागतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेथील एका प्राकृत लेखात नाशिकच्या आनंद नावाच्या श्रेष्ठीच्या पुत्राने केलेल्या दानाची नोंद आहे. तीत गावाचे नाव 'नासिकतो' असे पंचमीत येते आणि माणसांची नावे शेवटी 'स' लावून षष्ठीत येतात. संस्कृतचा 'स्य' झिजून हा 'स' झाला, आणि मराठीतल्या 'रामास' मधला 'स' त्याचाच वंशज असल्याचे मानले जाते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याच निर्णयात प्राकृत आणि पाली यांचाही समावेश होता. त्याचा आनंद आपण पुष्कळ साजरा केला. 'नासिकतो' म्हणजे 'नाशकाहून' हे ज्या मुलीला विभक्तीवरून स्वतःला ओळखता येईल, तिच्या दृष्टीने त्या दर्जाला काही अर्थ येईल.

आता व्यवहाराचे. असे साधन तयार करण्यास फार पैसा लागत नाही. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांना अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून ते झेपेल. अडते ते पुढे. प्रकल्प सादर होतो, गुण मिळतात, मुले नोकरीला लागतात आणि वर्ष-दोन वर्षांत ते पान उघडेनासे होते. म्हणून रूपांची कोष्टके, वाक्ये आणि विशेषतः चुकांची यादी ही यंत्राच्या पोटात कोंडून न ठेवता साध्या, कोणालाही वाचता येईल अशा स्वरूपात वेगळी ठेवावी आणि तिचा वापर सर्वांना मोकळा असावा. यंत्र मोडले तरी यादी राहील आणि दुसरा कोणी तिच्यावर नवे यंत्र बसवील. यादीचे काम मात्र शिक्षकांचे आहे. तालुक्यातील पाच-सहा शाळांच्या शिक्षकांनी सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासताना प्रत्येक चुकीच्या रूपाशेजारी मुलाने ते का लिहिले असावे याची एक ओळ टिपून ठेवली, तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पहिली काही शे वाक्ये जमतील. पवनानगर, कामशेत, वडगाव, लोणावळा ही गावे एकमेकांपासून दूर नाहीत. महिन्यातून एका शनिवारी दुपारी एकत्र बसून त्या टिपणांवर वाद घालणे अशक्य नाही. 'मित्रेण सह' की 'मित्रैः सह' यावर पहिल्याच बैठकीत तास जाईल.